तारखा लंडनच्या

मंडळी, बांधाच्या दाव्यापायी ज्यांनी तालुक्याच्या कोर्टाचा उंबरा झिजवला आहे, त्यांना तारीख म्हणजे काय हे सांगायला नको. पण हिरेव्यापारी नीरव मोदीच्या लंडनच्या तारखा पाहिल्या, तर आपला दावा बरा वाटेल.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेने त्याच्या कंपन्यांना खोटी हमीपत्रे दिली, असा आरोप आहे. हमीपत्र म्हणजे, ‘याने बुडवले तर आम्ही भरू’ असा एका बँकेने दुसऱ्या बँकेकडे घेतलेला जामीन. सोसायटीच्या कर्जाला जामीनदार शोधताना आपली केवढी तारांबळ! इथे पुरेसे तारण नाही, बँकेच्या मुख्य हिशेबात नोंदही नाही. मामा मेहुल चोक्सी धरून आकडा १३,००० कोटींच्या घरात गेला. जानेवारी २०१८ च्या अखेरीस बँकेने तक्रार केली, तोवर दोघेही देशाबाहेर होते.

मार्च २०१९ मध्ये नीरव लंडनला पकडला गेला. तुम्ही म्हणाल, मग घालायचा विमानात! तसे होत नाही. १९९२ च्या करारानुसार आधी तिथले कोर्ट पाहते, की खटला चालवण्याइतका पुरावा आहे का. गुन्हा केला की नाही, हे तिथे ठरतच नाही. ते मुंबईला ठरायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने पाठवणीला हरकत नाही म्हटले, एप्रिलमध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी हुकूम काढला.

मग वरचे कोर्ट. तिथे वाद पैशांचा नव्हताच, मनाच्या आजाराचा होता. भारतात नेले तर तो जिवाचे बरेवाईट करील, असे वकिलांचे म्हणणे. ऑर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ ची चित्रफीतही लंडनला गेली होती. तिथे डॉक्टर मिळेल, हवा-उजेड मिळेल, अशी लेखी हमी आपल्या सरकारने दिली. (हमीपत्रांनी सुरू झालेले प्रकरण पुन्हा हमीपत्रावरच आले म्हणायचे.) नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील फेटाळले. डिसेंबरात सुप्रीम कोर्टात जाण्याची परवानगीही नाकारली.

एवढ्यावर भागायला हवे होते. पण २०२५ मध्ये नवा अर्ज आला. भारतात नेल्यावर निरनिराळ्या तपास यंत्रणा चौकशीच्या नावाखाली छळतील, म्हणून बंद झालेले अपील पुन्हा उघडा, अशी त्यात मागणी होती.