काचेपलीकडचा शेजारी

बेडकास हिणविण्यात आपली भाषा मोठी उदार आहे. ज्याची दृष्टी आखूड, त्यास आपण कूपमंडूक म्हणतो. परंतु त्याच बेडकास काचेच्या पेटीत कोंडून, शेजारी दुसरे प्राणी मांडून, आपण त्याची मौज पाहू लागलो म्हणजे आखूड दृष्टी नेमकी कोणाची, याचा विचार करणे प्राप्त होते. गेल्या पावसाळ्यात तो प्रसंग आमच्यावरच आला.

आमच्या जेऊर भागात पाऊस बेताचा. उन्हाळाभर जमिनीत दडलेले बेडूक पहिल्या दमदार सरीनंतर बाहेर येतात आणि ओढ्यानाल्यांत त्यांचा गजर सुरू होतो. अशाच एका सकाळी मुलांनी दोन बेडूक शाळेत आणले. आम्ही कौतुकाने त्यांस काचेच्या पेटीत ठेवू दिले. शेजारच्या पेटीत लहान मासे होते. मासा हलला की मोठा बेडूक झेप घेई आणि काचेवर आपटे. मुले हसत, खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. तिसऱ्या दिवशी एका मुलाने बरणीत विरोळा धरून आणला व ती बरणी पेटीच्या दुसऱ्या बाजूस ठेवली. आता बेडूक हलेना. अंग तळाशी चिकटवून तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. वर्गाने निकाल दिला, “सर, बेडूक भीत नाही. सापाशी त्याची मैत्री झाली!”

हा निकाल आम्हांस मान्य नाही. आणि तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

निश्चलता म्हणजे निर्भयता नव्हे. जो हलत नाही तो शत्रूच्या नजरेस सहसा पडत नाही. दुर्बळ प्राण्याचे हेच पहिले चिलखत होय. बेडकाची स्वतःची दृष्टीही हालचालीवरच चालते. १९५९ साली अमेरिकेत लेटविन व त्यांचे तीन सहकारी यांनी दाखवून दिले की, बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही तंतू लहानशा, हलत्या ठिपक्यानेच जागे होतात. म्हणूनच सभोवती मेलेल्या माश्यांचा ढीग असला तरी बेडूक उपाशी राहील. पुढे जर्मनीत एवर्ट यांनी बेडकाचा भाऊबंद जो भेक, त्याच्यापुढे पुठ्ठ्याची पट्टी सरकवून पाहिली. पट्टी अळीसारखी लांबीच्या दिशेने सरकली तर भेक तिला भक्ष्य समजे. तीच उभी धरून सरकविली तर तो तिकडे ढुंकूनही पाहत नसे.

अशा प्राण्यास काच म्हणजे काय, हे कोण समजावणार? हलणारा मासा म्हणजे घास आणि साप म्हणजे मृत्यू, एवढेच त्यास कळते. ओढ्यात शत्रू दिसला तर पाण्यात उडी मारली की प्रकरण मिटते. पेटीत मात्र घास कधी तोंडात येत नाही आणि शत्रू कधी निघून जात नाही. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, ही म्हण अशाच खेळांसाठी झाली असावी.

इसापाच्या गोष्टीतील बेडूक बैलाची बरोबरी करण्याच्या गर्वाने फुगतो. प्रत्यक्षात भेक अंग फुगवितो आणि पाय ताठ करून उंच होतो, तो सापास आपल्याला गिळता येऊ नये म्हणून. इसापाने फुगण्यास गर्व म्हटले; आमच्या वर्गाने गोठून बसण्यास मैत्री म्हटले. दोन्ही ठिकाणी भय ओळखावयाचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या बेडकाचे नाकाड खरचटलेले दिसले. खाणे तसेच पडून होते. दोष मुलांचा नव्हे, आमचा होता. त्याच सायंकाळी बेडकांस ओढ्यावर आणि विरोळ्यास गावापासून दूर पाण्याकाठी सोडून आलो. साप असा धरून ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यासही धरून नव्हते.

कोणी म्हणेल, मग मुलांनी सृष्टिज्ञान केवळ पुस्तकातूनच शिकावे काय? मुळीच नव्हे. पावसाळ्यात संध्याकाळी ओढ्याच्या काठी गुपचूप अर्धा तास बसावे. पेटीत महिनाभरात दिसणार नाही ते तेथे दिसेल. शाळेत किंवा घरी दोन पेट्या शेजारी ठेवणे भागच पडले, तर मध्ये जाड कागदाचा आडपडदा असावा आणि एकीचे पाणी दुसरीत कदापि ओतू नये. शत्रूचा वास पाण्यात आला की बेडकाची पिले हालचाल कमी करतात. काच जी वार्ता अडविते, ती पाणी पोहोचविते. शिवाय बेडकांच्या कातडीस जडणारी जी घातक बुरशी शास्त्रज्ञांनी १९९८ साली ओळखली, तीही पाण्यावाटेच पसरते.

पालकांसही आमचे एक मागणे आहे. घरात आणि वर्गात एखादे मूल फार गप्प बसते. कोणाची तक्रार नाही, कोणाशी भांडण नाही. त्यास आपण समाधानी म्हणून मोकळे होतो. तसे म्हणण्यापूर्वी त्याच्या शेजारी कोण बसले आहे, हे एकदा पाहावे.