गावचा निधी कुठे खर्च करायचा, हे नेमकं कोण ठरवतं?

वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखो बळी घेतले. त्याबद्दल औषध कंपन्यांनी २०२१ मध्ये सुमारे २६ अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं. पण हा पैसा कशावर खर्च होणार, हे ठरवताना पीडित कुटुंबांना विचारणार कोण?

उजनीच्या काठावरच्या डाळजमध्ये रक्कम लहान, प्रश्न तोच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होते. उरलेल्याचं काय करायचं, हे ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यातून ठरतं. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा, शिवाय प्रत्येक सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा. कागदावर सोय भक्कम आहे.

गोम आहे गणपूर्तीत. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी तेवढे लोक हजर नसतील तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे मूठभरांच्या सह्यांवरही आराखडा मंजूर होऊ शकतो. मंजूर कामं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतात, पण तोवर ठराव झालेला असतो.