उभी गाडी गरम होत नाही

पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात आंबिया बहाराची तोड थंडीच्या तोंडावर येते. डिसेंबरच्या गारठ्यात पारा दहाच्या खाली गेलेला असतानाच पिकअप आणि छोटे हत्ती पहाटे माल घेऊन निघतात, आणि याच दिवसांत एक जुना उपदेश दरवर्षी नव्या जोमानं सुरू होतो. थंडीत डिझेल गाडी सुरू केल्यावर किमान पंधरा मिनिटं जागेवर रेस देत ठेवा. इंजिन गरम झाल्याशिवाय चाक हलवू नका. फारच गारठा असेल तर टाकीखाली नाहीतर ऑइलच्या चेंबरखाली जाळ करा. आणि हे न करणाऱ्याला गाडीची कदर नाही असं समजा. उपदेश करणारे गृहस्थ अनुभवाच्या जोरावर बोलतात आणि कारण विचारलं की आवाज चढवतात. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: थंड इंजिनावर एकदम भार टाकू नये. बाकी सगळं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत संत्रा पिकवणारा आणि वाहणारा माणूस मोजतो.

मुळात दोन वेगळ्या गोष्टींची इथं गल्लत झाली आहे. एक, इंजिन सुरू होण्याआधी लागणारी उष्णता. दुसरी, सुरू झाल्यानंतरची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबानंच ती काहीशे अंशांपर्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल पेट घेतं. थंडीत सिलिंडरची गार भिंत ही उष्णता ओढून घेते. गारठलेली बॅटरी सेल्फला पुरेसा वेग देत नाही, मग दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि इंजिन नुसतं घरघरतं. यासाठीच हीटर प्लग असतो. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. थंडीतली खरी पूर्वतयारी एवढीच, काही सेकंदांची. ज्या ट्रक-ट्रॅक्टरांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यांतल्या अनेकांना आपल्याकडच्या थंडीत तेवढीही गरज पडत नाही.

आता पंधरा मिनिटांच्या रेसबद्दल. डिझेल इंजिन जागेवर चालताना जवळजवळ तापत नाही, हे या उपदेशाच्या मुळावर येणारं सत्य आहे. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा झडपेनं कमी-जास्त होते आणि एका भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा हे प्रमाण राखलं जातं. डिझेल इंजिन मात्र जागेवर चालतानाही सिलिंडर भरून हवा ओढतं आणि त्यात डिझेल जातं थेंबभर. हवेचं प्रमाण पन्नास पटींच्याही वर जातं. म्हणजे हंडाभर पाण्याखाली दोन काड्या पेटवून अंघोळीची वाट बघण्यातला प्रकार. थंडीच्या पहाटे पंधरा-वीस मिनिटं उभ्या उभ्या चालवलेल्या गाडीचा थर्मोस्टॅट, जो ऐंशी अंशांच्या आसपास उघडतो, बहुतेक वेळा उघडतही नाही. या काळात आत काय होतं? गार सिलिंडरमध्ये सगळं डिझेल जळत नाही. न जळलेलं डिझेल भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं, रिंगांवरून खाली झिरपतं आणि चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. इंजेक्टरच्या तोंडावर काजळी साठते. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी साडेपाचशे-सहाशे अंशांचा धूर लागतो, आणि जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा धूर त्याच्या जवळपासही जात नाही. रोज पहाटे उभी गाडी तापवणारा माणूस ती जाळी रोज थोडी थोडी बुजवत असतो. शिवाय पंधरा मिनिटांत गिअरबॉक्समधलं ऑइल, डिफरन्शियल, चाकांच्या बेअरिंगा, टायर यांतलं काहीही गरम झालेलं नसतं. ते गाडी चालल्यावरच गरम होतं. ज्या भागांची काळजी म्हणून गाडी उभी ठेवायची, त्यातले निम्मे भाग उभ्या गाडीत गारच राहतात. आणि खर्च? लहान पिकअप जागेवर तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पिते असं धरलं, तर रोजच्या पंधरा मिनिटांचे नव्वद दिवसांत अकरा ते बावीस लिटर होतात. इतकं डिझेल जाळून इंजिन झिजवायचं आणि त्याला निगा म्हणायचं!

‘आमच्या काळात सगळे असंच करायचे’ या युक्तिवादात मात्र थोडं तथ्य आहे. त्या काळी एकाच ग्रेडचं जाडं ऑइल वापरलं जाई. ते गारठ्यात काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ घ्यायचं. आजचं १५डब्ल्यू-४० ऑइल उणे वीस अंशांवर इंजिन फिरू देतं का, अशी कसोटी पार करून बाजारात येतं. पांढुर्ण्याची थंडी त्याच्यापुढे काहीच नाही. ऑइल बदललं, पंप बदलला, इंजिन बदललं; उपदेश मात्र जागचा हलला नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा सल्ला देणारेही बहुधा हेच लोक. गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर चाकांच्या जोरानं फिरतं आणि एक्सलेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र त्याला चालू राहायला डिझेल लागतं, आणि इंजिनाचा ब्रेक गेलेला असतो तो वेगळाच. सिल्लेवानीच्या घाटात भरली गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला हे कधी उमगेल कोण जाणे. उभी गाडी तापवण्याचा वाद वीस वर्षं झाला, तरी चहाच्या टपरीवर तो दर हिवाळ्यात पुन्हा उभा राहतो.

टाकीखाली जाळ करणं हा शुद्ध अविचार आहे. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश एवढाच धरलेला आहे. शिवाय खाली ब्रेकचे पाइप आणि वायरिंग असतं. थंडीवरचा उपाय म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणंही नको; त्यानं पंपाला मिळणारं वंगण कमी होतं. अंगणात पंधरा मिनिटं धूर सोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डिझेलचा धूर २०१२ पासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे.

लडाखचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. लडाखमध्ये डिझेल गोठतं, हे खरं. म्हणूनच २०१९ मध्ये तिथं उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं वेगळं डिझेल आणावं लागलं. सौंसर लडाख नाही. मात्र या मुद्द्यात एक गोष्ट दडली आहे, ती प्रतिपक्षानं कधी मांडली नाही, म्हणून मीच मांडतो. पंपावर हिवाळ्यात मिळणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाईल असं असावं, हे मानकात आहे; उन्हाळी डिझेलसाठी हीच मर्यादा १८ अंशांची. मे महिन्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबरात ट्रॅक्टरला घातलं, तर त्यातलं मेण फिल्टरला बसू शकतं. पण तेव्हा इंजिन मुळात सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन बंद पडतं, त्यामुळे जागेवर रेस देण्याचा प्रश्न येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ताजं डिझेल आणि नवा फिल्टर.

मग करायचं काय? दिवा विझू द्या, सेल्फ मारा, ऑइलचा दाब येईपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबा आणि निघा. पहिले चार-पाच किलोमीटर रेस कमी ठेवा, गिअर ताणू नका. हवेच्या ब्रेकचा ट्रक असेल तर टाकीत दाब भरेपर्यंत उभं राहणं भागच आहे. ती मिनिटं ब्रेकसाठी असतात, इंजिनाच्या गरमीसाठी नव्हे. पांढुर्ण्याहून मुलताईकडे रस्ता चढत जातो. तिकडे भरलेला माल घेऊन निघणाऱ्यानं चढ लागेपर्यंत गाडी सावकाश नेली, की इंजिन चढावाच्या आधीच तयार झालेलं असतं. आणि दिवाळीनंतर एकदा मिस्त्रीकडून बॅटरी, तिच्या टर्मिनलांवरचा पांढरा साका आणि हीटर प्लग तपासून घ्या, फिल्टरच्या तळाचं पाणी काढून टाका. चार सिलिंडरांपैकी एकाचा प्लग गेला, तरी गाडी पहाटे पांढरा धूर ओकत तीन सिलिंडरांवर थरथरते. पाच मिनिटांत ते सावरतं आणि मालकाला वाटतं, रेस दिल्यानं गाडी बरी झाली.