विक्रीखत लिहिणारा हात

समाज बदलल्यावाचून माणूस बदलणार नाही, की माणूस बदलल्यावाचून समाज बदलणार नाही, हा वाद आमच्या पिढीने अभ्यासवर्गांतून रात्ररात्र घातला. मी पहिल्या पक्षाचा होतो. उत्पादनसंबंध पालटले की नीती आपोआप पालटेल, अशी अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने माझी खात्री होती, आणि हृदयपरिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांकडे मी काहीशा उपहासानेच पाहत असे. निवृत्तीनंतर अठराव्या शतकातील एका ख्रिस्ती शिंप्याची रोजनिशी वाचनात आली आणि त्या खात्रीला तडा गेला. मी श्रद्धावान नव्हे. प्रार्थना मला जमत नाही. परंतु या माणसाने आपल्या पापाचा हिशेब ज्या रीतीने मांडला, ती रीत अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास ओळखीची वाटावी अशी आहे. आणि तो हिशेब वाचता वाचता त्यात माझेही खाते निघाले.

जॉन वुलमन हा १७२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी वसाहतीत जन्मलेला क्वेकर. क्वेकर पंथात पुरोहित नाही. प्रत्येकाच्या अंतर्यामी ईश्वरी प्रकाश असतो, अशी त्यांची धारणा. विशीच्या उंबरठ्यावर तो माउंट हॉली येथील एका दुकानात हिशेबनीस होता. एके दिवशी मालकाने आपली नीग्रो दासी विकली आणि वुलमनला विक्रीखत लिहावयास सांगितले. गिऱ्हाईक समोर तिष्ठत होते. तेही पंथातील एक वृद्ध गृहस्थ. वुलमन अस्वस्थ झाला. पण आपण वर्षाच्या कराराने बांधलेले नोकर, मालकाची आज्ञा, समोर वडीलधारा माणूस, असा विचार करून त्याने ते खत लिहिले. लिहिल्यावर मात्र, गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे आपल्याला वाटते, एवढे त्याने दोघांना सांगितले. बोलण्याने मन थोडे हलके झाले. पण खत लिहून झालेच होते, आणि हे तो स्वतःपासून लपवीत नाही. पुढे असेच दुसरे खत लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याने नकार दिला.

ख्रिस्ती परंपरेत ज्याला पश्चात्ताप म्हणतात त्याचा मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' असा आहे. त्याचा अर्थ मन पालटणे. आपल्या 'पश्चात्ताप' या शब्दात मागाहून होणारी होरपळ आहे. ग्रीक शब्दात वळण आहे. होरपळून निघालेला माणूस त्याच रस्त्याने पुढे जाऊ शकतो. वळलेल्याला रस्ता बदलावा लागतो. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. या कथेत मनाचे परिवर्तन एका आकड्यात सांगितले आहे, ही गोष्ट आपण समाजवाद्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

वुलमनचा पुढचा सारा जन्म अशा आकड्यांनी भरलेला आहे. मृत्युपत्रे लिहून देणे हाही त्याच्या उपजीविकेचा एक भाग होता. आजारी पडलेल्या एका शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहून मागितले. वुलमनने गुलाम स्त्रीविषयीचे कलम तेवढे वगळून बाकीचे लिहिले, रुग्णाच्या उशाशी बसून वाचून दाखविले आणि हे कलम आपल्या हातून लिहिले जाणार नाही असे स्नेहाने सांगितले. दोघे बोलत राहिले. अखेर त्या स्त्रीला मुक्त करण्याचे ठरले. स्वतःच्या दुकानाचा व्याप वाढू लागला तेव्हा त्याने तो आवरता घेतला आणि शिवणकाम व सफरचंदांची बाग यांवर संसार चालविला. प्रवासात गुलाममालकांच्या घरी उतरावे लागे, तेव्हा गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे तो देऊ करी. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या श्रमावर पिकते म्हणून पुढे पुढे त्याने साखर सोडली.

मला सर्वांत अधिक भिडला तो याहून लहान प्रसंग. एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून वुलमनने आणि त्याच्या सहव्यवस्थापकाने एका नीग्रो मुलाची सेवा, तो तीस वर्षांचा होईपर्यंत, विकून टाकली होती. गोरा मुलगा एकविसाव्या वर्षी स्वतंत्र होतो, मग याने आणखी नऊ वर्षे का राबावे? हा प्रश्न पुष्कळ वर्षांनी त्याला छळू लागला. विक्री दोघांनी केलेली; म्हणून त्याने नऊ वर्षांचा निम्मा भार आपला मानला आणि शेवटच्या साडेचार वर्षांचे न्याय्य मोल स्वतःच्या पैशातून त्या मालकाला देण्याचा करारनामा करून दिला, जेणेकरून मुलाची सुटका लवकर व्हावी. साडेचार वर्षे! अपराधाचा आपला वाटा किती, हे इतक्या काटेकोरपणे मोजणारा माणूस मी अर्थशास्त्राच्या ग्रंथांत पाहिला नव्हता.

येथे माझे विरोधक, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा मीच, म्हणेल की हा सारा सुखवस्तू माणसाचा आत्मशुद्धीचा खटाटोप आहे. एका शिंप्याने साखर सोडल्याने एकही मळा बंद पडला नाही. आक्षेप पोकळ नाही. धर्म हा माणसाला आपोआप न्यायी बनवीत नाही, याचा पुरावा ख्रिस्ती इतिहासातच आहे. धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या एका इंग्लिश संस्थेच्या मालकीचे बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन मळे होते आणि तेथील गुलामांच्या अंगावर एके काळी त्या संस्थेचेच नाव डागले जात असे. फिलाडेल्फियाच्या परिसरातील काही क्वेकरांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, तर पंथाच्या वरिष्ठ सभांनी तो बाजूला सारला. एकच बायबल मालकाच्या हाती होते आणि निषेध करणाऱ्याच्याही.

पण वुलमन स्वतःला स्वच्छ ठेवून घरी बसला नाही, हे आक्षेपकाच्या नजरेतून सुटते. त्याने आपला प्रश्न आपल्या संघटनेपुढे नेला. १७५४ मध्ये त्याने पुस्तिका प्रसिद्ध केली. १७५८ च्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत तो बोलला, आणि गुलाममालक सभासदांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलण्यासाठी नेमलेल्या मंडळात त्याचे नाव होते. तो घरोघर गेला. १७७२ मध्ये इंग्लंडात यॉर्क येथे देवीच्या साथीत त्याचा अंत झाला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेने ठरविले की गुलाम मुक्त करण्यास जो नकार देईल त्याला पंथात स्थान नाही. १६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली. स्वतःची झीज सोसून विचारलेला प्रश्न संघटनेला फार काळ टाळता येत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. पण ते थोडे नाही.

साखरेचेही तेच झाले. ब्रिटिश पार्लमेंटने १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ठराव फेटाळला, तेव्हा सामान्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. अशा माणसांची संख्या टॉमस क्लार्कसनने सुमारे तीन लाख सांगितली आहे. एकट्या वुलमनचे व्रत आता चळवळ झाले होते. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला आणि १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. मात्र त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना एक पेनीही नाही. रचना बदलली, हिशेब तसाच राहिला. अमेरिकेत तर गुलामगिरी संपण्यास १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध व्हावे लागले. वुलमनच्या घरभेटींनी ती संपली असे कोणी म्हणणार नाही. तरी महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्या परंपरेच्या आरंभी हा शिंपी उभा आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या फेबियन समाजवाद्यांनी आपल्या पुस्तिकामालेत वुलमनचा श्रीमंतांना उद्देशून लिहिलेला निबंध छापला, तेव्हा त्यांनाही व्यक्ती आणि रचना यांत वैर दिसले नसावे.

आपल्या महाराष्ट्रात साखरेवर अनेक पदव्या मिळाल्या आहेत. सहकारी कारखानदारीवर मी स्वतः वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोची गणना एकच 'कोयता' म्हणून होते आणि मुकादमाच्या उचलीने तो कोयता हंगामभर बांधला जातो, हे मला ठाऊक होते. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप मी विचारीत असे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा मी हळहळलो आणि व्यवस्थेला दोष दिला. व्यवस्था दोषी होतीच. पण व्यवस्थेला दोष देताना मला किती हायसे वाटले, हे आज आठवते. ज्या शब्दाने आपल्याला हायसे वाटते, तो शब्द आपण तपासून घ्यावा.

व्यवस्थेने माझ्याही हाती लेखणी दिली होती. एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे विभागप्रमुख होतो. विभागात तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण होते. माझ्याइतकेच शिकलेले, काही माझ्याहून चांगले शिकविणारे. पावतीवर लिहिलेली रक्कम आणि त्यांच्या हातात पडणारी रक्कम यांत फरक असे. हे सर्वांना माहीत होते. तासांच्या तक्त्याखाली माझी सही असे. संस्थेचा आदेश, वरिष्ठांचा शब्द, नोकरीची मर्यादा: वुलमनने स्वतःला सांगितलेल्या तिन्ही सबबी मी शब्दशः सांगितल्या. फरक एवढाच की त्याने पहिल्या सहीनंतर तोंड उघडले आणि मी उघडले नाही. २०१३ मध्ये राज्यभरच्या प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, त्यात मी होतो. मागणी न्याय्य होती. परंतु त्या दिवसांत आमच्याच खोलीत बसणाऱ्या या तरुणांच्या थकबाकीचा आकडा मी एकदाही मांडला नाही. थकबाकी हा शब्द मला फक्त येणे म्हणून ठाऊक होता, देणे म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी जुन्या डायऱ्या काढून एका सहकाऱ्याचा हिशेब मी मांडला. नऊ वर्षे त्यांनी आमच्या विभागात शिकविले, वय उलटल्यावर सोडले आणि आता ते गावी शेती आणि खासगी शिकवण्या करतात. फरकातला माझा वाटा किती? पैसे मी खाल्ले नव्हते. सही मी केली होती. जो आकडा निघाला तो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आकडा पाहिला आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "सर, पैशाचे नंतर बघू. आजही शेकडो मुले याच पावत्यांवर सह्या करताहेत. त्यांनी तक्रार केली तर पुरावा नाही म्हणतात. तुम्ही जे पाहिलंत ते लिहून द्या. तुमच्या सहीनं."

मला घाम फुटला हे कबूल करतो. लिहून देणे म्हणजे स्वतःविरुद्ध लिहून देणे. चौकशी झाली तर पहिले नाव माझे निघेल. मित्रांनी सल्ला दिला की आता या वयात कशाला. संस्था बदलणार नाही, धोरण बदलल्याशिवाय काही होणार नाही. धोरण बदललेच पाहिजे: मंजूर जागा भरल्या पाहिजेत, समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापकांच्या संघटनांनी या तरुणांना आपल्या मागणीपत्रात शेवटच्या नव्हे, पहिल्या कलमात घेतले पाहिजे. पण हे मागण्याचा अधिकार मला खोट्या तक्त्यावरील सही लपवून मिळणार नाही. व्यक्ती की व्यवस्था, या आमच्या जुन्या वादाचे उत्तर माझ्यापुरते मला येथे मिळाले. व्यवस्था ज्या जागी माझ्या हाताने लिहिते, ती जागा माझी जबाबदारी. तेथून पुढे ती सर्वांनी मिळून मोडावयाची. पहिली गोष्ट टाळून दुसरी करता येत नाही, आणि पहिलीवर थांबणे म्हणजे नुसते हात धुणे.

ते निवेदन मी लिहिले, सही केली आणि त्यांच्या हाती दिले. पैशाचा प्रश्न त्यांनी अजून माझ्याजवळच ठेवला आहे. ज्या वाचकांनी आपल्या नोकरीत, सोसायटीत, कारखान्यात किंवा शेतावर अशा तक्त्याखाली सह्या केल्या असतील, त्यांनी आपापली जुनी डायरी एकदा उघडून पाहावी, एवढेच सुचवावयाचे आहे.