अंदाज यंत्राचा, जोखीम शेतकऱ्याची

सन २०२५ चा मान्सून केरळात २४ मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर आधी दाखल झाला. २६ मे रोजी त्याने मुंबई गाठली. परंतु पुढे सुमारे तीन आठवडे त्याची वाटचाल थबकली. अशा वेळी पहिल्या सरींवर विसंबून बी टाकणाऱ्यावर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे, खत, मजुरी सारे पुन्हा एकदा, आणि तेही बहुधा उसन्या पैशावर.

त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेला पावसाचा अंदाज मोबाइलवरील संदेशाद्वारे कळविला. गूगलचे ‘न्यूरलजीसीएम’ व युरोपीय हवामान केंद्राचे ‘एआयएफएस’ ही दोन प्रारूपे आणि भारतीय हवामान विभागाकडील १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदी यांची त्यात सांगड घातलेली होती. पेरणीजोगा सलग पाऊस केव्हा सुरू होईल, हे चार आठवड्यांपर्यंत आधी सांगण्याचा हा प्रयत्न. मान्सूनचा मधला खंडही या अंदाजाने अचूक टिपला. मध्य प्रदेश व बिहारमध्ये किसान कॉल सेंटरमार्फत झालेल्या पाहणीत ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी मशागत, पेरणीची वेळ वा पिकाची निवड यांसंबंधीचे आपले निर्णय बदलल्याचे आढळले.

या तंत्रज्ञानाची दुसरी बाजू आम्ही विसरू इच्छित नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटर्सनी वापरली. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘आंतिक्वा एत नोव्हा’ या दस्तऐवजातही या यंत्रणांना लागणाऱ्या वीज-पाण्याविषयी चिंता व्यक्त झाली आहे. ती रास्तच आहे. तथापि सर्वच वापर एका तराजूत तोलता येत नाहीत. हवामानाचे प्रारूप एकदा शिकून तयार झाले, की अंदाज वर्तविण्यासाठी त्याला जुन्या पद्धतीच्या महासंगणकापेक्षा कितीतरी कमी शक्ती पुरते. करमणुकीची चित्रे घडविणे आणि कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी वाचविणे यांत आम्ही फरक करतो.

आमच्या मते खरी अडचण अन्यत्र आहे. यंत्र शिकते ते नोंदींवरून. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान विभागामुळे भारतापाशी तो ठेवा आहे. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मात्र वेधशाळा व पर्जन्यमापके विरळ आहेत. तेथे ही प्रारूपे अपुऱ्या नोंदींच्या आधारे बोलणार. म्हणजे ज्यांना पूर्वसूचनेची निकड अधिक, त्यांच्याच वाट्याला कच्चा अंदाज! गरीब देशांना नुसते सॉफ्टवेअर देऊन भागणार नाही. साधी पर्जन्यमापके आणि ती रोज वाचणारी पगारी माणसेही तितकीच आवश्यक आहेत.

आणि संदेश पोहोचतो कोणाला? ज्याचा क्रमांक नोंदलेला, त्याला. बटाईने कसणारा, नवरा शहरात कामाला गेल्यामुळे एकटीने शेत सांभाळणारी स्त्री, यांचे काय? गावच्या ध्वनिक्षेपकावरून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून तोच मजकूर सांगणे काही खर्चाचे काम नव्हे. अंदाज किती खात्रीचा आहे, हेही त्यात सोप्या भाषेत यावे. कारण अंदाज म्हटला की तो कधी चुकणारच. त्यावर विसंबून ज्याने पेरणी लांबविली आणि हंगाम गमावला, त्याने दाद कोणाकडे मागायची, हे पुढच्या हंगामाचे संदेश निघण्यापूर्वी ठरावयास हवे.