हजेरीपटाबाहेरची मंडळी

उपासनेची हजेरी मोजून मंडळीच्या सेवाकार्याची आखणी करावी, असा एक आग्रह असतो. मोजायला हरकत नाही. पण पट बाकावर बसलेल्यांचाच असतो. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडांकडे निघाली की पटावर ‘गैरहजर’ ठरणार, आणि घटलेला आकडा दाखवून त्यांच्याच वस्तीचा पाळक काढून घेणार! वास्तविक पाळकाने त्यांच्यामागोमाग फडावर जायला हवे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ती माणसे कोणत्या पटावर चढवली असती? पट ठेवायचाच तर त्यात एक रकाना वाढवा : न आलेला माणूस गेला कुठे?