नाव कोणाच्या नावावर?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेली निम्मी पत्रे मासळीच्या भावाबद्दल नाहीत, डिझेलच्या परताव्याबद्दलही नाहीत. ती जुन्या ट्रॉलरच्या सौद्यांवरून जुंपलेल्या भांडणांची आहेत. विकणारा लिहितो, घेणाऱ्याने उरलेली रक्कम बुडवली. घेणारा लिहितो, फायबरच्या आतले लाकूड कुजके निघाले. तिसरा दोघांनाही खोटे ठरवतो, कारण त्याच्या माहितीप्रमाणे ती बोट मुळात मच्छीमार सोसायटीकडे तारण आहे. तिघांच्याही बाजूने आणखी चारचौघे लिहितात आणि एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत जातात. ही पत्रे आम्ही छापलेली नाहीत. त्या सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल सगळेच गप्प आहेत. ज्या बोटीवरून भांडण चालू आहे, ती कागदोपत्री यांच्यापैकी कोणाचीच नाही.

पावसाळी मासेमारी बंदीचे ६१ दिवस हा आपल्याकडे बोटींच्या खरेदी-विक्रीचा हंगाम. १ जूनला बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि दलालांच्या फेऱ्या सुरू होतात. सौदा तोंडी ठरतो. इसार दिला जातो. मग पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या स्टॅंपपेपरवर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का मारला जातो आणि दोन्ही बाजूंना वाटते, व्यवहार झाला. उरलेले पैसे मिळेपर्यंत विकणारा मूळ कागद स्वतःकडे ठेवतो. घेणारा झेरॉक्सवर समुद्रात जातो. केबिनवरचा नंबर जुना, परवाना जुन्या मालकाचा, डिझेल जुन्या मालकाच्या सोसायटीच्या कार्डावर. एक हंगाम असा जातो, मग दुसरा. तिसऱ्या वर्षी तो घेणाराच बोट पुढे विकून मोकळा होतो, तीही स्टॅंपपेपरवरच. हर्णैची बोट करंजाला आणि करंजाची सातपाटीला गेली, तरी सरकारच्या दप्तरात ती हर्णैच्याच नाखवाची असते.

आता हेच किती महागात पडते ते पाहा. रायगडातल्या एका नाखवाने दोन वर्षांपूर्वी बोट विकली. पैसे पूर्ण मिळाले, त्यातून त्यांनी मुलीचे लग्न केले. या वर्षी मनाई क्षेत्रात जाळे टाकल्याबद्दलची नोटीस त्यांच्या दारात आली. ते वयोवृद्ध आहेत, वर्षभर समुद्रावर गेलेले नाहीत. पण कायदा नाव पाहतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, दंड लाखांत गेले, निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. दंड हजारात होता तेव्हा जुना मालक ओळखीपाळखीने निभावून नेत असे. आता ते जमणार नाही. आणि प्रश्न फक्त दंडाचा नाही. २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका दहशतवाद्यांनी पळवली आणि तीतून ते मुंबईच्या तोंडाशी आले. बायोमेट्रिक कार्डांचा आग्रह आणि समुद्रातली झडती त्यानंतर आपल्या रोजच्या कामाचा भाग झाली. अशा किनाऱ्यावर दुसऱ्याच्या ताब्यातली बोट आपल्या नावावर राहू देणारा माणूस झोपतो तरी कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले, तेव्हापासून ही गोष्ट आणखी टाळता न येणारी झाली आहे. राज्याची हद्द बारा सागरी मैलांवर संपते. त्यापलीकडे जाणाऱ्या यांत्रिकी नौकेला आता ‘ॲक्सेस पास’ लागतो आणि तो नौकांच्या नोंदणी-परवान्याच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवरून घ्यायचा आहे. पासाला पैसे पडत नाहीत. पण अर्ज नोंदणीवर उभा राहतो आणि नोंदणी जुन्या नावावर. ट्रॉलर घेऊन बाराच्या आत राहून कोणाचे भागते? म्हणजे लाखो रुपये ओतून घेतलेली बोट खोल पाण्यात न्यायची, तर नवा मालक पुन्हा जुन्या मालकाच्या ओटीवर जाऊन बसणार. आणि मधल्या काळात त्या दोघांचे भांडण झालेले असणार.

मग नाव का बदलून घेत नाहीत? हा प्रश्न आम्ही पत्रलेखकांना उलट विचारला आणि आलेल्या उत्तरांनी आमची झोप उडाली.

एका वाचकाची फाईल आम्ही पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचली. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातून जुना ट्रॉलर घेतला, रीतसर नाव बदलायला गेले. कार्यालयाने सांगितले, परवान्याची मुदत संपलेली आहे. आधी परवाना नूतनीकृत करा, मग हस्तांतरणाचे पाहू. नूतनीकरण कोणाच्या नावाने? अर्थातच जुन्या मालकाच्या, कारण परवाना त्यांचा. जुने मालक मधल्या काळात वारले होते. मग वारसांची नावे लावा. वारस चार, त्यांतला एक आखातात. वारसांची नावे लावायची तर सोसायटीचा ना-हरकत दाखला हवा. सोसायटी म्हणाली, सभासद मयत आहेत, वारसांपैकी कोणीही सभासद नाही, दाखला कोणाच्या नावाने देऊ? शेवटी सोसायटीने ठराव करून दाखला दिला, तेव्हा कार्यालयाने पोर्टलवर नवा अर्ज भरायला सांगितला आणि ओटीपी गेला मयत माणसाच्या मोबाइलवर. ते सिम कार्ड केव्हाच बंद झाले होते. मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज वेगळा. त्यासोबत मूळ मालकाची सही हवी.

हे सारे पार पडल्यावर प्रत्यक्ष पाहणी आली. बोट पाण्यात, चालू स्थितीत दाखवा, असा तोंडी आदेश मिळाला. महिना जुलै. बोट किनाऱ्यावर झापांखाली शाकारून ठेवलेली, इंजिनचे हेड उघडलेले. पाण्यात टाकावी तर बंदीच्या काळात नौका समुद्रात आढळली म्हणून कारवाईची भीती. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली, तेव्हा पाहणी करणारे अधिकारी बदलून गेले होते. नव्या अधिकाऱ्यांनी फाईल पहिल्यापासून मागितली. एकाही टप्प्यावर कोणी लाच मागितली नाही, हे त्या वाचकाने मुद्दाम लिहिले आहे. नियमावर बोट ठेवून प्रत्येकाने त्यांना पुढच्या टेबलाकडे पाठवले. नियम बोटींच्या सुरक्षिततेसाठी आणि मालकाच्या ओळखीसाठी आहेत. तेच नियम माणसाला स्टॅंपपेपरच्या वाटेला लावत असतील, तर ती वाट दाखवल्याची जबाबदारी खात्याला घ्यावी लागेल. नोंदणी केंद्राच्या कायद्याखाली, परवाना राज्याच्या कायद्याखाली, डिझेल सोसायटीच्या यादीवर, बोजा बँकेच्या किंवा एनसीडीसीच्या (राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या) खात्यावर. मच्छीमारासाठी बोट एकच असते. तिचे हे चार तुकडे चार दारांवर का ठेवले आहेत, याचे उत्तर गेल्या कित्येक वर्षांत एकाही बैठकीत आम्हाला मिळालेले नाही. गेल्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या एका उताऱ्यावर मालक, वारस आणि बोजा दिसतो. आमच्या बोटीला असा एक उतारा मागणे हे फार मोठे मागणे आहे काय?

खात्याला एवढे बोलल्यावर आपल्या माणसांनाही तितकेच बोलले पाहिजे.

त्याच फाईलमध्ये एक कागद असा होता, की तो वाचून आमची मान खाली गेली. नोंदणीवरचा इंजिन नंबर आणि बोटीतल्या इंजिनावरचा नंबर जुळत नव्हता. मूळ इंजिन सहा वर्षांपूर्वीच भंगारात गेलेले. त्याजागी जास्त ताकदीचे बसवले, पण कळवले कोणालाच नाही. लांबीही जुळत नव्हती, कारण मध्ये मागचा भाग वाढवून घेतला होता. सगळेच करतात! इंजिन बदलले, गिअर बॉक्स बदलला, केबिन उचलली, डेक वाढवला, विंच मोठा बसवला. आणि नोंदणी जिथे होती तिथेच. मग पाहणीला आलेला माणूस टेप लावतो, आकडा जुळत नाही, आणि आपण ओरडतो की अधिकारी त्रास देतात. हा त्रास आपण स्वतः बांधून ठेवलेला आहे. बोटीची ताकद वाढवली, मागचा भाग वाढवला, म्हणजे तिचे पाण्यातले वागणे बदलले. त्यावर दहा-बारा जणांचा जीव असतो.

दुसरी गोष्ट फायबरची. जुन्या लाकडी बोटीला बाहेरून फायबर मारणे हा चांगला उपाय आहे, लाकूड कोरडे आणि निरोगी असेल तर. ओल धरलेल्या, कीड लागलेल्या फळ्यांवर फायबर चढवले की ओल आत कोंडते आणि लाकूड दुप्पट वेगाने कुजते. बाहेरून बोट आरशासारखी दिसते. हे माहीत असूनही विक्रीच्या आधी घाईघाईने एक थर मारून रंग काढणारे आपल्यातच आहेत. ज्यांनी हे केले आहे त्यांनी हा अंक हातात घेऊन पुढचे वाक्य दोनदा वाचावे. तुम्ही विकलेल्या बोटीवर ज्या रात्री पाणी भरेल, त्या रात्री तिच्यात तुमचा भाचा खलाशी असू शकतो.

घेणाऱ्यांनाही सांगणे आहे. रंगावर आणि फिश फाइंडरच्या पडद्यावर भाळू नका. सोबत बोटीचा जुना मिस्त्री न्या, दलालाचा नव्हे, तुमचा. आतून, बर्फाच्या खणांच्या फळ्या काढायला लावून पठाण आणि वांक, म्हणजे बोटीचा कणा आणि फासळ्या, पाहा. हातोडी मारून आवाज ऐका. फायबरला दोन ठिकाणी भोक पाडून आतले लाकूड दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर परत फिरा. शाफ्ट हलवून पाहा, गिअरचे तेल बोटावर घेऊन पाहा. आणि एवढे सगळे करण्याआधी सोसायटीत जाऊन त्या बोटीवर जुन्या योजनेचे कर्ज आहे का ते लेखी विचारा. एनसीडीसीच्या कर्जातून बांधलेल्या बोटींची थकबाकी किती सोसायट्यांना बुडवत राहिली, हे आपल्याला नवे नाही. बोजा असलेली बोट घेतलीत तर तुमचे पैसे जातात आणि बोटही जाते.

तिसरा प्रकार अर्धवट बोटींचा. प्रत्येक बंदराच्या कडेला दोन-तीन सांगाडे उभे दिसतात. पठाण बसलेले, वांक लागलेले, फळ्या निम्म्यावर थांबलेल्या, पावसाने काळ्या पडलेल्या. कोणीतरी हौसेने आणि कर्ज काढून बांधायला घेतलेली बोट. लाकडाचा भाव वाढला, इंजिनचे पैसे उरले नाहीत, योजनेचा हप्ता आला नाही, आणि काम थांबले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेसाठी एक कोटी वीस लाखांचा प्रकल्प खर्च धरला आहे. अनुदान चाळीस टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी साठ टक्के. पण अनुदानाआधी स्वतःचे पैसे उभे करावे लागतात आणि तिथेच आपला माणूस मोडतो. मग तो सांगाडा विकायला निघतो. सांगाड्याला नोंदणी नसते, असते ती फार तर बांधणीची परवानगी, तीही पहिल्याच्या नावाची. त्या सौद्यांतून उभी राहिलेली भांडणे सर्वांत कडवट आहेत, कारण तिथे बोटही नसते आणि कागदही नसतो. ज्यांना हा सांगाडा घेऊन पुरा करायचा आहे, त्यांनी आधी परवानगी आपल्या नावावर आणावी आणि मगच पहिली फळी ठोकावी.

या सगळ्यात ज्यांचे पत्र कधी येत नाही, ते म्हणजे खलाशी. डहाणू-तलासरीचे आहेत, नेपाळचे आहेत. एखादा बोटीवरून पडला, विंचमध्ये हात गेला, वादळात बोट फुटली, की विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न येतो तो बोटीच्या कागदांचा. जुना मालक म्हणतो, बोट माझी नाही. नवा म्हणतो, माझ्या नावावर नाही. आणि खलाशाची बायको दोन गावांमध्ये हेलपाटे घालते. महाराष्ट्राची सागरी मासळी २०१९ मध्ये दोन लाख टनांच्या आसपास येऊन पंचेचाळीस वर्षांच्या तळाला गेली होती, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. इतक्या चिंचोळ्या धंद्यात आपण एकमेकांना फसवणार आणि त्याची किंमत खलाशाच्या घरात वसूल होणार, हे चालू देता येणार नाही.

नाखवांनो, ३१ जुलैला बंदी संपण्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. विकलेल्या प्रत्येक बोटीचा कागद शोधा आणि ती अजून तुमच्या नावावर असेल तर घेणाऱ्याला आजच फोन करा, मग तुमचे कितीही वाजलेले असो. घेतलेली बोट दुसऱ्याच्या नावावर असेल तर उरलेले पैसे चुकते करा आणि सही घ्या. पैसे आणि सही एकाच दिवशी, सोसायटीच्या कार्यालयात, सचिवासमोर.

सोसायट्यांच्या सचिवांना विनंती आहे, की आपल्या बंदरातल्या अशा बोटींची यादी करावी. नंबर, कागदावरचे नाव, ताब्यात असलेल्याचे नाव, इंजिन बदलले असल्यास नवा नंबर, बोजा. यादीसाठीचा तक्ता या अंकाच्या मधल्या पानावर दिला आहे, तो फाडून घ्या. खात्याकडे आमची मागणी एकच आहे. पुढच्या बंदीत प्रत्येक मोठ्या बंदरावर एक दिवस शिबिर लावा. नोंदणी, परवाना, सोसायटी आणि कर्ज देणारी बँक यांचा माणूस एका मांडवात बसवा, बोट शाकारलेल्या अवस्थेत तपासा, आणि बदललेल्या इंजिनांची नोंद त्या दिवशी दंड न लावता करून घ्या. ससून डॉक, करंजा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण, इतक्या ठिकाणांहून सुरुवात करता येईल.

भरलेले तक्ते आमच्याकडे पाठवा. जितके येतील तितके घेऊन आम्ही स्वतः आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ, आणि तिथे काय सांगितले गेले ते पुढच्या अंकात शब्दशः छापू.